शॉर्टसर्किट : कायम फरार असलेला आरोपी

वस्तीत आग लागते. माणसे मरतात. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात बातमीच्या शेवटी एक वाक्य हमखास असते, 'शॉर्टसर्किटमुळे आग लागल्याचा प्राथमिक अंदाज आहे.' हा प्राथमिक अंदाज पुढे अंतिम झाल्याचे क्वचितच कानावर येते. शॉर्टसर्किटला अटक होत नाही, त्याचे निलंबन होत नाही, त्याच्यावर आरोपपत्र ठेवले जात नाही. या राज्यातला तो सर्वांत सोयीचा आरोपी आहे. त्याचे नाव घेतले की घरमालक सुटतो, ठेकेदार सुटतो, न पाहता सही करणारा सुटतो आणि तपासणीला कधीच न आलेला अधिकारीही सुटतो. मागे उरतात ती प्रेते आणि मदतीचा धनादेश देतानाचे पुढाऱ्याचे छायाचित्र.

चळवळीच्या स्तंभात वायरिंगची चर्चा कशाला, असे काही वाचकांना वाटेल. आमचे उत्तर असे की, ज्या प्रश्नात मरणारे नेहमी एकाच थरातले असतात तो प्रश्न तांत्रिक राहत नाही, सामाजिक होतो. मरणारे कोण आहेत ते आधी पाहू.

३० ऑगस्ट २०२३. पिंपरी-चिंचवडमधील चिखलीच्या पूर्णानगरात हार्डवेअरच्या दुकानाला पहाटे आग लागली. आत झोपलेले आईवडील आणि दोन मुले, चौघेही गेले. ३ एप्रिल २०२४. छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात तळमजल्यावरचे कपड्याचे दुकान पेटले, वरच्या मजल्यावरचे एकाच कुटुंबातील सात जण धुराने गुदमरले. ६ ऑक्टोबर २०२४. मुंबईत चेंबूरच्या सिद्धार्थ कॉलनीत, जिला आंबेडकरी वस्ती म्हणून उभा महाराष्ट्र ओळखतो, तिथे पुन्हा खाली दुकान, वर घर आणि पुन्हा एकाच कुटुंबातील सात मृत्यू. शहरे तीन, पण नकाशा एकच. तळाशी दुकान, दुकानात तारांचे जाळे आणि माल, वर किंवा आत झोपलेले कुटुंब. बाहेर पडायचा मार्ग आगीतूनच. या माणसांची नावे वेगळी असतील, जाती-धर्म वेगळे असतील. पण दुकानातच राहणे, दुकानावरच झोपणे ही गरज कष्टकऱ्याचीच असते. बंगल्यातला माणूस गोदामात झोपत नाही.

आता जबाबदारी कुणावर गेली ते पाहा. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात आग लागून दहा अर्भके दगावली. पुढच्या महिन्यात पोलिसांनी गुन्हा दाखल केला तो दोन परिचारिकांवर. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी त्या वेळच्या अहमदनगर, आजच्या अहिल्यानगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभाग पेटला, अकरा रुग्ण गेले. अटक झाली ती एका महिला डॉक्टरला आणि तीन परिचारिकांना. परिचारिकांचे चुकले की नाही हे न्यायालय ठरवील. पण भिंतीतली तार परिचारिकेने ओढली नव्हती, यंत्रांचा भार तिने मोजायचा नव्हता, आग विझवण्याच्या यंत्रणेचा प्रस्ताव तिच्या टेबलावर पडून नव्हता. दोष उतरंडीने खाली खाली सरकतो आणि सर्वांत खालच्या माणसाच्या डोक्यावर येऊन बसतो. ही उतरंड आम्हाला नवी नाही. ती वायरिंगमध्येही आहे, एवढेच.

खडकवासल्याचे उदाहरण घेऊ. इथे धरण आहे, राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे आणि १९१६ सालापासूनचा इतिहास असलेले केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र आहे. देशभरातील धरणांचे, बंदरांचे, जलविद्युत प्रकल्पांचे नमुने इथे तयार होतात, त्यांच्यावर प्रयोग होतात. ज्ञानाची इथे कमतरता नाही. ३० जून २०२१ रोजी खडकवासल्यासह तेवीस गावे पुणे महापालिकेत आली. गाव कागदावर शहर झाले. पण शहर होण्याच्या आधीच गुंठ्या-गुंठ्यावर मजले चढले होते. जी वायरिंग दोन दिवे आणि एका पंख्यासाठी झाली होती, तिच्यावरच मालकाने वरचे मजले जोडले. एका मीटरमधून चार खोल्या, चार खोल्यांतून आठ बिऱ्हाडे. जिन्याखाली एक पत्र्याची किंवा लाकडी पेटी, तिला झाकण नाही, तिच्यात वीस-पंचवीस तारा एका मोठ्या भोकातून कोंबलेल्या, खाली दुचाकी उभ्या, बाजूला रद्दी आणि गॅसची टाकी. हे चित्र एकट्या खडकवासल्याचे नाही. धायरी, नऱ्हे, उत्तमनगर, वारजे, कुठेही जा, हेच दिसेल. म्हणून ही पेटी समजून घेतली पाहिजे.

शॉर्टसर्किट म्हणजे आकाशातून पडलेली वीज नव्हे. दोन उघड्या तारा एकमेकींना चिकटतात त्याला शॉर्टसर्किट म्हणतात. त्या उघड्या कशा पडल्या, हा खरा प्रश्न. पत्र्याच्या पेटीला कारागीर छिन्नीने भोक पाडतो. त्या भोकाची कड पातीसारखी धारदार असते. तिच्यावरून तार ओढली की वरचे प्लास्टिकचे आवरण खरवडले जाते. पुढे दर वेळी पेटी हलते, जिन्यावरून माणसे धावतात, तार त्या कडेवर घासत राहते. दोन-चार वर्षांत आतले तांबे पत्र्याला टेकते. यावर उपाय काय? भोकाच्या कडेला बसवायची रबरी रिंग, कारागीर तिला ग्रोमेट म्हणतात. किंवा तार घट्ट धरणारी ग्लँड. किंमत काही रुपये. ज्या ठेक्यात घराच्या रंगाला हजारो रुपये जातात, तिथे ही काही रुपयांची रिंग वाचवली जाते.

दुसरी गोष्ट मोकळ्या भोकांची. पेटीला कारखान्यातूनच तारांसाठी गोल खाचा पाडलेल्या असतात. कारागीर गरजेपेक्षा जास्त उघडतो आणि तशाच सोडतो. त्यातून पाल शिरते, झुरळ शिरते, उंदीर शिरतो, भिंतीची ओल शिरते. आणि आत ठिणगी पडली तर त्याच भोकातून ती बाहेरच्या रद्दीवर येते. पेटीचे काम नुसते बटणे धरून ठेवण्याचे नाही. आत पेटले तर आतच विझावे, यासाठी ती बंद असते. ज्या भोकातून तार जात नाही ते बुजवलेच पाहिजे आणि ज्यातून जाते ते तारेच्या मापाचे पाहिजे. तारेचे बाहेरचे जाड आवरण पेटीच्या आतपर्यंत गेले पाहिजे. बाहेरच सोलून नुसत्या तारा आत घालायच्या नाहीत. पेटी लाकडी असेल तर ती बदलायची. जुन्या चाळींत अजून सागवानी बोर्ड आहेत. ते शोभेचे दिसतात, पण लाकूड हे जळण आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत कपटी आहे. ती म्हणजे सैल जोड. स्क्रू नीट आवळला नाही, किंवा ॲल्युमिनियमची तार तांब्याला पिळून वर चिकटपट्टी गुंडाळली, की त्या जागी विजेला अडथळा होतो आणि अडथळ्याच्या जागी उष्णता तयार होते. हिशेब सोपा आहे. जोडाचा अडथळा समजा ०.३ ओहम आणि त्यातून १० अँपिअर प्रवाह गेला, तर तिथे ३० वॅट उष्णता निघते. रेडिओ-मोबाइल दुरुस्त करणाऱ्याची डाग देण्याची इस्त्री साधारण २५ वॅटची असते. म्हणजे बंद पेटीत, प्लास्टिकच्या तारांच्या गर्दीत, आपण एक तापलेली डागणी रात्रभर ठेवून झोपतो. आणि इथे एमसीबी पडत नाही, कारण प्रवाह प्रमाणाबाहेर गेलेलाच नसतो. 'एमसीबी बसवला आहे, आता चिंता नाही' हा समज म्हणूनच घातक आहे. दिवे अधूनमधून फडफडणे, बोर्डाजवळ जळका वास येणे, बटण गरम लागणे, या सैल जोडाच्या हाका आहेत. त्या ऐकायच्या असतात.

चौथी गोष्ट जास्त भाराची. दोन हजार वॅटचा गीझर २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर घेतो. दोन हजार वॅटची इंडक्शन शेगडी तेवढेच घेते. हजार वॅटची इस्त्री आणखी ४.३ अँपिअर घेते. बेरीज सुमारे २२ अँपिअर. दिव्यांसाठी टाकलेल्या दीड चौरस मिलिमीटरच्या तारेला हा भार पेलत नाही. प्रवाह दुप्पट झाला की तारेतली उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. साध्या पीव्हीसीचे आवरण सत्तर अंश सेल्सिअसपर्यंतच्या वापरासाठी असते. त्यावर ते कडक होते, तडकते, गळते. इथे एमसीबी उपयोगी पडतो, पण तो तारेच्या मापाचा असेल तरच. वारंवार पडतो म्हणून १० अँपिअरचा काढून ३२ चा बसवणारे कारागीर आहेत. जुन्या फ्यूजमध्ये बारीक तारेऐवजी जाड तार वळवणारे घरोघर आहेत. पहारेकरी ओरडतो म्हणून त्याचे तोंड बांधावे, तसा हा प्रकार. एमसीबी उपकरणाला वाचवण्यासाठी नसतो, तारेला वाचवण्यासाठी असतो, हे प्रत्येक घरात माहीत असले पाहिजे.

आणि पीव्हीसी जळते तेव्हा जो धूर निघतो त्यात हायड्रोजन क्लोराइड असतो. ओलाव्यात त्याचे आम्ल होते. डोळ्यांत, घशात, फुप्फुसात. म्हणूनच ज्वाळा पोचायच्या आधी माणसे पडतात. कमी धूर सोडणाऱ्या तारा बाजारात मिळतात. निदान जिन्यातल्या आणि मुख्य पेटीतल्या तारा तरी तशा असाव्यात.

पाणी आणि वीज यांचे वैरही खडकवासल्याशी जोडलेले आहे. २५ जुलै २०२४ रोजी धरणातून ३५ हजार क्युसेकच्या आसपास पाणी मुठेत सुटले. सिंहगड रस्त्यावरची एकतानगरी पाण्यात गेली. त्याच पहाटे डेक्कनच्या पुलाच्या वाडीत पाण्यातून हातगाडी हलवणारे तीन तरुण विजेच्या धक्क्याने मरण पावले. हातगाडीवर पोट असलेली पोरे होती ती. पूर ओसरल्यावर आणखी एक धोका असतो. भिजलेल्या पेटीत गाळ आणि ओल राहते, त्यावरून वीज झिरपते, काजळीची रेघ तयार होते आणि काही दिवसांनी पेटी पेट घेते. भिजलेली पेटी कारागिराने उघडून, वाळवून, तपासल्याशिवाय चालू करायची नाही. आणि नदीकाठच्या घरांत ती तळाशी नव्हे, पुराच्या खुणेच्या वर बसवायची.

आता कायदा काय म्हणतो? वायरिंगचे काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच व्हावे, हा नियम १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतही होता. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षा नियमांतही तो होता. २०२३ साली त्यांची जागा नव्या नियमावलीने घेतली. पण प्रत्यक्षात काय होते, ते वाचकांना आम्ही सांगायला नको. जोडणीच्या अर्जासोबतच्या चाचणी अहवालावर सही एकाची असते आणि तारा ओढणारा भलताच असतो. सही करणाऱ्याने घर पाहिलेले नसते. शिवाय नियमांनी कमी दाबाच्या जोडण्यांची मुदतीची तपासणी मालकाच्या स्वयंप्रमाणनावर सोडली. म्हणजे ज्याने पैसे वाचवले त्यानेच स्वतःला निर्दोष म्हणून दाखला द्यायचा.

याहून बोलकी गोष्ट सूट कुणाला दिली ही आहे. गळती होणारी वीज क्षणात तोडणारे यंत्र असते, आरसीसीबी. घरासाठी ते ३० मिलिअँपिअर गळतीवर पडणारे हवे. ते धक्क्यापासून वाचवते आणि गळतीतून लागणाऱ्या आगीपासूनही. २०१० च्या नियमांनी ते आवश्यक केले, पण २५० व्होल्टपर्यंतच्या, ५ किलोवॅटपेक्षा कमी भाराच्या जोडण्या वगळल्या. ५ किलोवॅटच्या खाली कोण राहतो? झोपडी, चाळ, दहा बाय दहाची खोली. ज्याच्या घरात अर्थिंग नाही, भिंतीला ओल आहे, पोरे अनवाणी आहेत, त्यालाच संरक्षणातून वगळले. सुटीच्या नावाखाली दिलेली ही वंचना आहे. नियमांतली रेषा पुढेमागे सरकते, पण ती आखताना खोलीत राहणारा माणूस टेबलाभोवती नसतो, हा मुद्दा कायम राहतो.

भाडेकरूची अवस्था तर त्याहून बिकट. मीटरपर्यंतची जबाबदारी वीज कंपनीची, मीटरनंतरची ग्राहकाची. पण खोलीत राहणारा ग्राहकच नाही. बिल मालकाच्या नावावर. बोर्ड दुरुस्त करा म्हटले तर खोली खाली करा, हे उत्तर. त्यामुळे मीटर आणि खोली यांच्यामधली तार ही कुणाचीच नसते. आगी नेमक्या त्या बेवारस तारेवर लागतात.

हे दुखणे आपल्याच देशाचे आहे असेही नाही. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये १४ जून २०१७ रोजी ७२ माणसे जळाली. बहुतेक गरीब, स्थलांतरित, कामगार. २०१३ सालीच तिथल्या रहिवाशांनी विजेचा दाब अचानक वाढून उपकरणे जळत असल्याची ओरड केली होती, सुरक्षेच्या तक्रारी पुढेही केल्या. त्यांना कटकटे ठरवण्यात आले. अखेर आग एका घरातल्या फ्रीजमधून सुरू झाली आणि इमारतीच्या स्वस्त आवरणाने ती भडकवली. ज्याचे ऐकले जात नाही तो जळतो, हा नियम श्रीमंत देशातही लागू आहे.

वीज या विषयाशी आपले नाते उपऱ्याचे नाही. १९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि वीज व पाटबंधारे हे विषय त्यांच्याच खात्याकडे होते. ऑक्टोबर १९४३ मध्ये वीजपुरवठ्याच्या धोरण समितीपुढे बोलताना त्यांनी विजेचा प्रश्न थेट दारिद्र्याशी जोडला. उद्योग वाढल्याशिवाय लोक दारिद्र्यातून सुटणार नाहीत आणि स्वस्त, मुबलक विजेशिवाय उद्योग वाढणार नाहीत, ही त्यांची मांडणी. १९४४ साली केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ त्यांच्याच कारकिर्दीत उभे राहिले. बाबासाहेबांनी वीज माणसाच्या मुक्तीचे साधन म्हणून पाहिली. त्याच विजेने त्यांच्या लेकरांच्या वस्त्या जळाव्यात, हे आम्ही नशीब म्हणून स्वीकारणार नाही.

म्हणून मागण्या स्पष्ट आहेत. एक, भाराची अट न लावता प्रत्येक घराला आरसीसीबी आणि अर्थिंग. गरीब वस्तीत ते सरकारी खर्चाने. दोन, समाविष्ट गावांतील भाड्याच्या खोल्यांच्या मुख्य पेट्यांची महापालिका, वीज कंपनी आणि विद्युत निरीक्षक यांनी मिळून तपासणी. दोष निघाल्यास दुरुस्ती मालकाच्या खर्चाने आणि भाडेकरूला घराबाहेर न काढता. तपासणीच्या निमित्ताने झोपड्यांची वीज तोडणे हा उपाय नव्हे, ती दुसरी शिक्षा आहे. तीन, विद्युत कायदा २००३ च्या कलम १६१ प्रमाणे विजेच्या अपघाताची चौकशी होते. प्रत्येक जीवघेण्या आगीचा विद्युत निरीक्षकाचा अहवाल जाहीर व्हावा. तो होत नसेल तर माहिती अधिकारात मागावा. अर्ज साधा आहे, उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे. अहवाल हाती आला की शॉर्टसर्किट या शब्दामागे कोण लपले आहे ते कळेल.

सरकार जागे होईपर्यंत हात बांधून बसायचे का? नाही. आपल्या वस्त्यांत आयटीआयमधून वीजतंत्री आणि तारतंत्री होऊन बाहेर पडलेली, दोन-दोन वर्षे शिकलेली मुले बेकार फिरत आहेत. प्रत्येक विहाराने अशा दोन-तीन मुलांचे पथक करावे. रविवारी दहा घरे तपासावीत : पेटीला झाकण आहे का, मोकळी भोके बुजवली आहेत का, तार कडेवर घासते का, एमसीबी तारेच्या मापाचा आहे का, पेटीखाली रद्दी, रॉकेल, गाडी आहे का. मुख्य बटण बंद केल्याशिवाय कुणी पेटीला हात लावू नये आणि दुरुस्ती परवानाधारकाकडूनच करून घ्यावी. खाली दुकान, वर घर असेल तिथे गच्चीच्या दाराची किल्ली दाराजवळच टांगलेली असावी, दुसऱ्या वाटेची शिडी असावी. पेटी पेटली तर आधी वीज तोडावी, पाणी ओतू नये, कोरडी वाळू किंवा पावडरचे यंत्र वापरावे आणि १०१ ला फोन करावा.

सुरुवात विहारापासूनच व्हावी. मूर्तीमागच्या रोषणाईच्या तारा, खिळ्याला अडकवलेले जोड, बोर्डाखाली पेटवलेल्या मेणबत्त्या आपण रोज पाहतो आणि श्रद्धेपोटी बोलत नाही. १४ एप्रिलला खांबावर आकडा टाकून घेतलेल्या विजेवर कमानी झगमगतात. जयंतीच्या वर्गणीतला एक वाटा अधिकृत तात्पुरत्या जोडणीसाठी आणि एक वाटा विहारातल्या आरसीसीबीसाठी बाजूला ठेवला, तर मिरवणुकीचे तेज कमी होणार नाही.

देशात विजेच्या धक्क्याने दरवर्षी बारा हजारांहून अधिक माणसे मरतात, हे सरकारच्याच गुन्हे नोंद विभागाचे आकडे सांगतात. आगीत गेलेले वेगळे. हे मृत्यू टाळता येण्याजोगे आहेत. दंगलीत माणूस मेला की आपण रस्त्यावर उतरतो. पेटीच्या एका मोकळ्या भोकाने कुटुंब गेले की हळहळून घरी जातो. ही हळहळ आता पुरे. उद्या सकाळी वस्तीतल्या जिन्याखालच्या पेटीसमोर उभे राहा, काय दिसते ते कागदावर उतरवा, त्यावर दहा शेजाऱ्यांच्या सह्या घ्या आणि तो कागद मालकाला व वीज कंपनीच्या कार्यालयात पोच घेऊन द्या. त्या कागदानंतर आग लागली, तर आरोपीचे नाव शॉर्टसर्किट राहणार नाही.